वाचकांचे प्रश्न : प्रतिकारपेशी आणि कॅल्शियमचा इशारा

गेल्या अंकात लसीकरणासंबंधीच्या एका उत्तरात असे वाक्य आले होते : 'प्रतिजन ओळखल्यानंतर काही सेकंदांतच टी-पेशीतील कॅल्शियमची पातळी वाढते आणि पुढच्या बहुतेक घडामोडी त्या वाढीवर अवलंबून असतात.' (प्रतिजन म्हणजे शरीराला परका वाटणारा पदार्थ; टी-पेशी आणि बी-पेशी या त्याला ओळखणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, म्हणजे लिम्फोसाइट.) या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला द्यायचे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो. कॅल्शियम म्हटले की हाडे आणि दात, एवढेच आम्ही सांगत आलो. हे मूलद्रव्य पेशीत संदेश कसा पोहोचवते? कॅल्शियमचे सगळे आयन एकसारखेच असतात. मग त्यांत माहिती कुठे असते?

उत्तर : आपल्या प्रश्नाचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. माहिती आयनात नसतेच. ती पातळीच्या बदलात असते : बदल केव्हा झाला, पेशीच्या कोणत्या भागात झाला, किती वेळ टिकला आणि एकदाच झाला की पुन्हा पुन्हा. असा बदल जाणवायचा तर मूळ पातळी अत्यंत कमी आणि स्थिर असावी लागते, आणि पेशी सतत ऊर्जा खर्च करून ती तशी ठेवते. पेशींच्या भोवतालच्या द्रवात मुक्त कॅल्शियमची संहती सुमारे १.२ मिलिमोलर असते. विश्रांत अवस्थेतील लिम्फोसाइटच्या पेशीद्रवात ती साधारण ५० ते १०० नॅनोमोलर (दहा लाख नॅनोमोलर म्हणजे एक मिलिमोलर), म्हणजे बाहेरच्या दहा-हजारांश किंवा त्याहूनही कमी असते. सोडियम आणि पोटॅशियम यांच्या बाबतीत आत-बाहेरचा फरक काही दशपटींपलीकडे जात नाही. प्रतिजनामुळे उत्तेजित झालेल्या पेशीत कॅल्शियम सुमारे एक मायक्रोमोलरपर्यंत, म्हणजे हजार नॅनोमोलरपर्यंत, चढते. बाहेरच्या मानाने हे प्रमाण नगण्यच असते. पण आतल्या मूळ पातळीच्या मानाने ते दहापट किंवा त्याहून अधिक असते.

पातळी इतकी खाली ठेवण्यामागचे मूळ कारण बहुधा संदेशवहन नसावे. पेशीची ऊर्जा फॉस्फेटच्या संयुगांवर चालते, आणि कॅल्शियम व फॉस्फेट पुरेशा प्रमाणात एकत्र आले की त्यांचा न विरघळणारा साका तयार होतो. हाडांत तो हवाच असतो; पेशीद्रवात तो घातक ठरेल. म्हणून जवळपास प्रत्येक जिवंत पेशीत कॅल्शियम बाहेर फेकणारी यंत्रणा आढळते. एवढा तीव्र उतार एकदा निर्माण झाला की क्षणभर उघडलेल्या वाटेनेही आतील स्थिती पालटते, आणि त्याचा इशारा म्हणून वापर होणे ओघाने येते.

हा इशारा वाचण्याचे काम मुख्यतः कॅल्मोड्युलिन नावाचे छोटे प्रथिन करते. त्याच्यावर कॅल्शियमसाठी चार जागा असतात. त्या भरल्या की त्याचा आकार बदलतो आणि ते इतर विकरांना (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) जाऊन बिलगते. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आत आलेल्या आयनांपैकी बहुसंख्य आयन लगेच कोणत्या ना कोणत्या प्रथिनाला बांधले जातात, त्यामुळे मुक्त कॅल्शियम फार दूर पसरू शकत नाही. वाहिनीच्या तोंडाशी पातळी खूप वर गेलेली असताना पेशीच्या दुसऱ्या टोकाला त्याचा मागमूसही नसतो, आणि या स्थानिकतेचा पेशी पुरेपूर उपयोग करून घेते.

प्रश्न : टी-पेशी ज्या प्रतिजनाला ओळखते, तो तिच्या आत शिरत नाही. मग आतले कॅल्शियम वाढण्याचा आदेश देते कोण? बी-पेशीतही हीच पद्धत असते का?

उत्तर : टी-पेशीचा ग्राही (प्रतिजन ओळखणारे तिच्या पृष्ठभागावरचे प्रथिन) स्वतः कोणतीही रासायनिक क्रिया घडवत नाही, त्याचा पेशीद्रवातील भाग फारच आखूड असतो. काम होते ते त्याच्या जोडीला असणाऱ्या सीडी-३ गटातील प्रथिनांमुळे. प्रतिजनाचा तुकडा दुसऱ्या पेशीच्या एमएचसी प्रथिनावर मांडलेला असताना ग्राहीशी जुळला की एलसीके हे विकर सीडी-३ च्या लांब शेपट्यांवरील टायरोसिन या अमिनो आम्लांना फॉस्फेट जोडते. त्या फॉस्फेटांवर झॅप-७० हे दुसरे विकर येऊन बसते. ते लॅट आणि एसएलपी-७६ या प्रथिनांवर फॉस्फेट लावते. आणि या दोहोंच्या आधाराने फॉस्फोलायपेज सी-गॅमा-१ हे विकर पटलाजवळ येऊन कार्यक्षम होते. ते पेशीपटलातील पीआयपी-२ नावाच्या मेदरेणूचे दोन भाग करते. त्यांपैकी डायअसिलग्लिसरॉल पटलातच राहून वेगळे मार्ग सुरू करते, तर पाण्यात विरघळणारे आयपी-३ आंतर्द्रव्यजालिकेपर्यंत, म्हणजे पेशीतल्या पटलांच्या जाळ्यापर्यंत, जाते, तिच्यावरील ग्राहींना जुळते आणि तिथे साठवलेले कॅल्शियम पेशीद्रवात सोडले जाते. नावांची ही यादी पाठ करण्याची गरज नाही. बाहेरच्या स्पर्शाचे रूपांतर आधी फॉस्फेटांच्या साखळीत आणि मग एका विरघळणाऱ्या रेणूत होते, एवढे ध्यानात राहिले तरी पुरे.

बी-पेशीत आराखडा हाच असतो, पात्रे मात्र बदलतात. तिथे लिन आणि सिक ही विकरे सुरुवात करतात, ब्लिंक हे प्रथिन आधार देते आणि बीटीके या विकराच्या मदतीने फॉस्फोलायपेज सी-गॅमा-२ सक्रिय होते. यांतील बीटीकेचे महत्त्व रुग्णांमुळे कळले. एक्स गुणसूत्रावरील या जनुकात दोष असलेल्या मुलांमध्ये बी-पेशींची वाढच खुंटते आणि रक्तात प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. हा दोष बीटीकेचा असल्याचे १९९३ मध्ये स्पष्ट झाले. याच विकराला अडवणारे इब्रुटिनिब हे औषध २०१३ पासून बी-पेशींच्या काही कर्करोगांमध्ये वापरले जाते.

या साखळीची संवेदनशीलता थक्क करणारी आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दुसऱ्या पेशीवरील प्रतिजनाचे तुकडे एकेक करून मोजण्यात आले, तेव्हा एकाच तुकड्यामुळेही टी-पेशीत कॅल्शियमची अल्पकाळ टिकणारी वाढ दिसली; ती टिकून राहण्यासाठी मात्र दहाएक तुकडे लागले.

प्रश्न : मी जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. एका पुस्तकात कॅल्शियम आंतर्द्रव्यजालिकेतून येते असे आहे, तर दुसऱ्यात ते पेशीबाहेरून येते असे म्हटले आहे. खरे काय?

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि पहिल्यामुळेच दुसरे घडते. या विषयातील सर्वांत रंजक भाग हाच असल्याने थोडे विस्ताराने लिहितो.

लिम्फोसाइट ही लहान पेशी असते. विश्रांत अवस्थेत तिचा बहुतेक भाग केंद्रकानेच व्यापलेला असतो आणि आंतर्द्रव्यजालिकेला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे आतला साठा पूर्ण मोकळा केला तरी मिळणारी वाढ काही मिनिटांत ओसरते. दुसरीकडे, टी-पेशीने इंटरल्यूकिन-२ सारखी, वाढीचा संदेश देणारी प्रथिने तयार करून विभाजनाला लागायचे, तर कॅल्शियम काही तास चढे राहावे लागते. एवढा पुरवठा फक्त बाहेरूनच होऊ शकतो.

बाहेरची वाट केव्हा उघडायची, हे पेशी कसे ठरवते? १९८६ मध्ये जेम्स पुटनी यांनी अशी कल्पना मांडली की आतला साठा रिकामा होणे हाच बाहेरची वाट उघडण्याचा आदेश असतो. छतावरच्या टाकीतील पाणी खाली गेले की तरंगता गोळा खाली येऊन नळ उघडतो, तसाच हा प्रकार आहे. या कल्पनेची निर्णायक कसोटी एका वनस्पतीतील विषामुळे शक्य झाली. थाप्सिया गार्गानिका या भूमध्यसागरी वनस्पतीतील थाप्सिगार्गिन आंतर्द्रव्यजालिकेत कॅल्शियम भरणाऱ्या पंपाला बंद पाडते. जालिकेतून कॅल्शियम सदैव थोडेथोडे गळत असल्याने पंप बंद पडताच साठा आपोआप रिता होतो. इथे प्रतिजन नाही, ग्राहीला स्पर्श नाही, आयपी-३ ची निर्मितीही नाही. तरीही पेशीपटलावरील वाट उघडते. आदेश साठ्याच्या रितेपणातच आहे, हे यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दाखवता येईल.

त्या वाटेतून वाहणारा विद्युतप्रवाह टी-पेशींमध्ये रिचर्ड लुइस आणि मायकेल कहालन यांनी १९८९ मध्ये नोंदवला. १९९२ मध्ये मार्कस होथ आणि राइनहोल्ड पेनर यांनी मास्ट पेशींत (ॲलर्जीत हिस्टामीन सोडणाऱ्या पेशींत) त्याचे साठा रिता होण्याशी असलेले नाते दाखवले आणि त्याला 'क्रॅक' (कॅल्शियम सुटल्याने सुरू होणारा कॅल्शियमचा) प्रवाह हे नाव मिळाले. प्रवाह मोजता येत होता, पण तो वाहून नेणारे प्रथिन पुढची सुमारे चौदा वर्षे कोणाच्या हाती लागले नाही. एक अडचण अशी की एकेका वाहिनीतून वाहणारा प्रवाह अतिशय क्षीण असतो, इतका की तो थेट नोंदवता येत नाही. एकूण प्रवाहातील चढउतारांवरून त्याचा अंदाज बांधावा लागतो.

कोंडी फुटली ती २००५ आणि २००६ मध्ये. जनुके एकेक करून निष्प्रभ करत गेल्यावर कोणाच्या अभावी प्रवाह थांबतो, हे दोन गटांनी तपासले आणि दोघेही स्टिम या प्रथिनापाशी पोहोचले. मानवी पेशीतील स्टिम-१ हे आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात रुतलेले असते. त्याचे एक टोक जालिकेच्या आत असते आणि तिथले कॅल्शियम धरून ठेवते. आतली पातळी घसरली की ते कॅल्शियम सुटते, स्टिमचे रेणू एकमेकांना चिकटून पुंजके करतात आणि जिथे जालिका पेशीपटलाच्या अगदी जवळ, सुमारे १० ते २० नॅनोमीटर अंतरावर असते, तिथे जाऊन थांबतात. पुढच्याच वर्षी तीन गटांनी प्रत्यक्ष वाहिनी, म्हणजे ओराई-१, शोधून काढली. स्टिम-१ आपली लांब भुजा पेशीद्रवातून पलीकडे पोहोचवते, ओराई-१ ला पकडते आणि वाट उघडते. टाकीच्या उदाहरणाची मर्यादाही इथेच कळते : पातळी मोजणारा एका पटलात आहे आणि नळ दुसऱ्याच पटलात.

ओराईची रचना २०१२ मध्ये फळमाशीच्या प्रथिनावरून उलगडली. सहा समान घटक मिळून मधोमध एक अरुंद नलिका तयार होते आणि तिच्या तोंडाशी ग्लुटामेट या अमिनो आम्लाचे ऋणभारित कडे असते. या कड्यामुळे ही वाहिनी सोडियमच्या तुलनेत कॅल्शियमला हजारपटीहून अधिक प्राधान्य देते.

ओराई-१ च्या शोधात रुग्णांचा वाटा मोठा होता. १९९० च्या दशकात काही अर्भकांची नोंद झाली होती, ज्यांच्या रक्तातील लिम्फोसाइटची संख्या जवळपास ठीक होती आणि तरीही त्यांना जिवावर बेतणारे संसर्ग वारंवार होत होते. पेशी होत्या, ग्राही होते, आतला साठाही रिता होत होता. फक्त बाहेरून कॅल्शियम येत नव्हते. २००६ मध्ये कळले की ओराई-१ मधील ९१व्या स्थानावर आर्जिनीनऐवजी ट्रिप्टोफॅन आल्याने वाहिनी उघडतच नव्हती. अशा मुलांत स्नायूंचा अशक्तपणा आणि दातांच्या एनॅमलमधील दोषही आढळतात. यावरून हीच वाहिनी इतर ऊतींतही कामाला येते हे दिसते. प्रतिकारशक्तीच्या दोषावर अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण उपयोगी पडते. स्नायूंच्या दोषावर अर्थातच नाही.

प्रश्न : कॅल्शियम जास्त झाले तर पेशी मरते असे वाचले आहे. मग इतकी मोठी वाट उघडल्यानंतर पेशी स्वतःला कशी सावरते?

उत्तर : वाट उघडण्याच्या यंत्रणेवर जेवढे लिहिले जाते, तेवढे ती आटोक्यात ठेवण्यावर लिहिले जात नाही. माझ्या मते खरे कौशल्य तिथेच आहे, कारण पेशीला दोन परस्परविरोधी गोष्टी साधायच्या असतात : कॅल्शियम तासन्‌तास चढे राहिले पाहिजे, पण एका मर्यादेपलीकडे जाता कामा नये.

मर्यादा घालणारे घटक अनेक आहेत. पेशीपटलावरचा कॅल्शियम-पंप एटीपी खर्च करून आयन बाहेर टाकतो. हा पंप कॅल्मोड्युलिनमुळे अधिक जोमाने चालतो, म्हणजे आतले कॅल्शियम वाढले की बाहेर फेकण्याचा वेगही वाढतो. आंतर्द्रव्यजालिकेचा पंप आयन पुन्हा साठ्यात भरतो. साठा भरला की स्टिम-१ चे पुंजके विखुरतात आणि बाहेरची वाट मिटते. याशिवाय ओराईच्या तोंडाशी साचलेले कॅल्शियम स्वतःच त्या वाहिनीला आवर घालते. हा आवर काही अंशी सेकंदाच्या लहान भागात, तर काही अंशी मिनिटांच्या ओघात बसतो. मंद प्रकारात साराफ नावाचे प्रथिन स्टिम-१ ला रोखते.

आता विरुद्ध बाजू पाहू. वाहिनी स्वतःलाच लगेच मिटवू लागली, तर तासन्‌तास चालणारा इशारा मिळायचा कसा? इथे तंतुकणिका मदतीला येतात. ऊर्जानिर्मिती एवढीच त्यांची ओळख अनेकांना असते, पण त्या कॅल्शियम शोषूनही घेतात. त्यासाठीच्या वाहिनीचे प्रथिन २०११ मध्ये ओळखले गेले. टी-पेशी दुसऱ्या पेशीला भिडली की संपर्काच्या जागेकडे तंतुकणिका सरकतात आणि ओराईजवळ साचणारे कॅल्शियम उचलून पेशीत इतरत्र हळूहळू सोडतात. तोंडाशी गर्दी होत नाही, म्हणून वाट उघडी राहते.

दुसरा आधार पोटॅशियमचा. कॅल्शियमचे धनभारित आयन आत येत राहिले तर पेशीच्या आतला ऋणभार कमी होत जाईल आणि आत येण्याची ओढही तितकीच मंदावेल. टी-पेशीचे विभव (पटलाच्या आत-बाहेरचा विद्युतदाबाचा फरक) विश्रांतीत साधारण उणे ५० ते ६० मिलिव्होल्ट असते. ते टिकवण्यासाठी केव्ही-१.३ आणि केसीए-३.१ या वाहिन्यांतून पोटॅशियम बाहेर जाऊ दिले जाते. यांतील दुसरी वाहिनी कॅल्शियम वाढल्यामुळेच उघडते, म्हणजे कॅल्शियम स्वतःच्या येण्याची सोय स्वतःच करते. केव्ही-१.३ ही टी-पेशीतील वाहिनी १९८४ मध्ये आढळली, तेव्हा चेतापेशींसारखी विद्युतवाहिनी रक्तातल्या पेशीला कशासाठी हवी, असा प्रश्न स्वाभाविकच होता. त्याचे उत्तर बरेचसे यात आहे.

बी-पेशीत आणखी एक सुंदर बंधन आहे. एखाद्या प्रतिजनाविरुद्ध पुरेशी प्रतिपिंडे आधीच तयार झालेली असतील, तर ती प्रतिजनाला चिकटलेल्या स्थितीतच बी-पेशीपर्यंत येतात. अशा वेळी बी-पेशीचा प्रतिजन-ग्राही आणि तिच्यावरचा एफसी-गॅमा-आर-२बी हा दमनकारी ग्राही एकाच वेळी जोडले जातात. दमनकारी ग्राही शिप नावाच्या विकराला बोलावतो, ते बीटीकेला पटलाशी धरून ठेवणारा मेदरेणू मोडते आणि कॅल्शियमचा ओघ लवकरच खुंटतो. आधीच झालेल्या उत्पादनाची खबर कॅल्शियमच्या वाटेनेच नव्या उत्पादनाला थांबवते.

प्रश्न : माझ्या भावाचे मूत्रपिंड प्रत्यारोपण झाले असून त्याला टॅक्रोलिमस सुरू आहे. हे औषध कॅल्शियमशी संबंधित आहे असे ऐकले. त्यामुळे त्याच्या शरीरातील कॅल्शियम कमी होते का?

उत्तर : नाही. प्रतिकारशक्ती दाबणारे हे औषध टी-पेशीतील कॅल्शियमची वाढ रोखत नाही. त्या वाढीचा पुढचा परिणाम रोखते.

टी-पेशीतले कॅल्शियम वाढले की कॅल्मोड्युलिन कॅल्सिन्यूरिन या विकराला सक्रिय करते. एनफॅट नावाचे प्रथिन विश्रांत पेशीत अनेक फॉस्फेट अंगावर घेऊन पेशीद्रवात थांबलेले असते. कॅल्सिन्यूरिन ते फॉस्फेट काढून टाकते, तेव्हा एनफॅटला केंद्रकात शिरता येते आणि तिथे ते इंटरल्यूकिन-२ सारखी जनुके सुरू करते. सायक्लोस्पोरिन (याच कामाचे दुसरे औषध) आणि टॅक्रोलिमस या दोघांचा मारा कॅल्सिन्यूरिनवरच होतो, मात्र एकट्याने नाही : सायक्लोस्पोरिन आधी सायक्लोफिलिनला आणि टॅक्रोलिमस एफकेबीपी-१२ ला जुळते, आणि मग ती जोडी कॅल्सिन्यूरिनला अडवते. हे १९९१ मध्ये उलगडले. सायक्लोस्पोरिन एका बुरशीत, तर टॅक्रोलिमस १९८४ मध्ये जपानमधील त्सुकुबा पर्वताजवळच्या मातीतील जिवाणूत सापडले. सायक्लोस्पोरिनमुळे १९८० च्या दशकात प्रत्यारोपण हा भरवशाचा उपचार बनला, तेव्हा ते नेमके कोणत्या विकराला अडवते, हे ठाऊक नव्हते.

कॅल्सिन्यूरिन केवळ टी-पेशीत नसते, ते मूत्रपिंडात आणि चेतासंस्थेतही असते. त्यामुळेच या औषधांनी मूत्रपिंडाला इजा होऊ शकते किंवा हात थरथरू शकतात, आणि त्यामुळेच रक्तातील त्यांची पातळी पुन्हा पुन्हा तपासली जाते. मात्रा कमी पडली तर नवा अवयव नाकारला जाण्याची भीती, जास्त झाली तर त्याच अवयवाला अपाय. म्हणून आपल्या भावाने मात्रेत किंवा वेळेत कोणताही बदल उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

प्रश्न : एकच कॅल्शियम इतकी वेगवेगळी जनुके कशी सुरू करते? आणि ॲलर्जीतही कॅल्शियमच कारणीभूत असते का?

उत्तर : दुसऱ्या भागाचे उत्तर थोडक्यात 'होय' असे आहे. मास्ट पेशीवरील आयजीई प्रकारची प्रतिपिंडे प्रतिजनामुळे जोडली गेली की सिक, फॉस्फोलायपेज सी आणि ओराई यांचीच साखळी चालते, पण तिथे जनुकांची वाट पाहिली जात नाही. कॅल्शियम चढताच हिस्टामीनने भरलेल्या पुटिका पटलाशी एकजीव होऊन काही मिनिटांत रिकाम्या होतात.

पहिल्या भागाचे उत्तर इशाऱ्याच्या घडणीत आहे. एकेका टी-पेशीचे निरीक्षण केल्यास कॅल्शियम अनेकदा स्थिर न राहता दीड-एक मिनिटाच्या अंतराने वरखाली होताना दिसते. १९९७ आणि १९९८ मध्ये रिकार्डो डॉल्मेच आणि रिचर्ड लुइस यांच्या प्रयोगांनी या चढउतारांना अर्थ आहे हे दाखवले. मोठी पण अल्पकालीन वाढ एनएफ-कप्पा-बी या जनुके सुरू करणाऱ्या घटकाला पुरते, कारण तो एकदा मोकळा झाला की बराच काळ केंद्रकात राहतो. एनफॅटचे तसे नाही : कॅल्शियम उतरताच इतर विकरे त्याच्यावर पुन्हा फॉस्फेट लावतात आणि काही मिनिटांत त्याची केंद्रकातून रवानगी होते. म्हणून त्याला कमी उंचीची का होईना, पण सलग वाढ लागते, किंवा मग पुरेशा वेगाने येणारे चढउतार. चढउतार विरळ झाले तर एनएफ-कप्पा-बी टिकतो आणि एनफॅट गळतो. मूळ इशारा दुबळा असेल तेव्हा तेवढ्याच सरासरीच्या स्थिर पातळीपेक्षा चढउतार अधिक परिणामकारक ठरतात, हे या प्रयोगांतील सर्वांत अनपेक्षित फलित म्हणता येईल.

कॅल्शियमची वाढ म्हणजे नेहमी 'लढा' असा आदेश असतो, हे मात्र खरे नाही. एनफॅटला बहुतेक जनुकांवर एपी-१ या जोडीदाराची गरज असते, आणि एपी-१ तयार होण्यासाठी डायअसिलग्लिसरॉलचा मार्ग व सीडी-२८ या टी-पेशीवरील ग्राहीकडून मिळणारा दुसरा इशारा लागतो. तो दुसरा इशारा नसताना फक्त कॅल्शियम वाढले, तर एकटा एनफॅट वेगळीच जनुके सुरू करतो आणि पेशी पुढे त्याच प्रतिजनाला प्रतिसाद देईनाशी होते. शरीराच्या स्वतःच्या घटकांविरुद्ध टी-पेशी उठू नये यासाठी ही तजवीज उपयोगी आहे. कर्करोगाच्या गाठीच्या आत दीर्घकाळ अडकलेल्या टी-पेशी निष्प्रभ होतात, त्यातही एकट्या पडलेल्या एनफॅटचा हात असतो.

प्रश्न : मग प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर : या कारणासाठी घेऊ नयेत. रक्तातील एकूण कॅल्शियम पॅराथायरॉइड संप्रेरक आणि ड जीवनसत्त्व यांच्या नियंत्रणाखाली साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या अरुंद पट्ट्यात राखले जाते. टी-पेशीच्या बाहेर गरजेच्या कितीतरी पट कॅल्शियम सदैव हजर असते. आत किती जाईल हे स्टिम, ओराई आणि पंप ठरवतात, गोळी नव्हे. हाडांसाठी किंवा अन्य कारणासाठी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर तो वेगळा विषय आहे.

प्रश्न : एवढ्या सूक्ष्म बदलाचे मोजमाप प्रयोगशाळेत कसे करतात? महाविद्यालयीन प्रकल्पात साठ्यातून आलेले आणि बाहेरून आलेले कॅल्शियम वेगवेगळे दाखवता येईल का?

उत्तर : रॉजर त्सिएन यांच्या गटाने १९८५ मध्ये फ्युरा-२ हे रंगद्रव्य तयार केले. त्याचे एस्टर रूप पेशीत सहज शिरते; आतली विकरे एस्टर तोडतात आणि रंगद्रव्य आतच अडकून पडते. कॅल्शियम बांधलेले फ्युरा-२ हे ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने अधिक उजळते, तर मोकळे ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशाने. या दोन उजेडांचे गुणोत्तर घेतले की पेशीत रंगद्रव्य किती शिरले किंवा पेशी किती जाड आहे, यांचा परिणाम बराचसा निघून जातो. एकाच वेळी हजारो पेशी तपासायच्या असतील तर फ्लो सायटोमीटरमध्ये (पेशी एकेक करून प्रकाशासमोरून नेत मोजणाऱ्या यंत्रात) इंडो-१ हे रंगद्रव्य वापरतात. सूक्ष्मदर्शकात अतिनील प्रकाशाची सोय नसल्यास फ्लुओ-४ चालते, पण ते एकाच तरंगलांबीवर काम करत असल्याने गुणोत्तराचा फायदा मिळत नाही.

आपण विचारलेली विभागणी करता येते, आणि ती फार अवघडही नाही. पेशी कॅल्शियमविरहित द्रावणात ठेवून त्यात थोडे ईजीटीए घालावे, म्हणजे उरलेसुरले कॅल्शियमही बांधले जाईल. मग थाप्सिगार्गिन द्यावे किंवा सीडी-३ विरुद्धच्या प्रतिपिंडाने पेशी उत्तेजित कराव्यात. या वेळी दिसणारी छोटी, उतरती लाट फक्त साठ्याची असते. ती मूळ पातळीवर आल्यानंतर द्रावणात १ ते २ मिलिमोलर कॅल्शियम मिसळावे. लगेच दिसणारी मोठी वाढ ही ओराईच्या वाटेने आलेली असते. तुलनेसाठी उत्तेजित न केलेल्या पेशींतही कॅल्शियम मिसळून पाहावे आणि एका संचात वाहिनी अडवण्यासाठी लँथॅनम किंवा गॅडोलिनियमचे अल्प प्रमाण वापरावे. द्रावणात फॉस्फेट किंवा बायकार्बोनेट असल्यास हे दोन्ही धातू साक्याच्या रूपात खाली बसतात, म्हणून त्या संचासाठी हेपीस (आम्लता स्थिर ठेवणारे रसायन) असलेले द्रावण घ्यावे. शेवटी आयनोमायसिन (पटलातून कॅल्शियम आत नेणारे रसायन) देऊन कमाल आणि ईजीटीए देऊन किमान गुणोत्तर नोंदवले की त्यांच्या आधारे प्रत्यक्ष संहती नॅनोमोलरमध्ये काढता येते.